कोल्ह्यानं उघडलेली शाळा

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज पहिला दिवस. डहाणूहून चारोटीपर्यंत जीप, तिथून तलासरीकडे जाणारी दुसरी गाडी, मग फाट्यापासून वीस मिनिटं पायी. तीन वर्षं हाच रस्ता आहे. तासिका तत्त्वावरची चित्रकला शिक्षिका म्हणजे आश्रमशाळेतली सगळ्यात शेवटची खुर्ची. तरी आज त्या खुर्चीला थोडा मान मिळाला.

अधीक्षक एकनाथ सरांनी बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांकडे दोन शाळांचा कार्यभार आहे, ते आठवड्यातून दोनदा येतात. त्यामुळे शाळा आणि वसतिगृह दोन्ही एकनाथ सरच चालवतात. ते म्हणाले, नऊ जानेवारीला स्नेहसंमेलन आहे. संस्थेची मंडळी येणार, पालक येणार. मुलींचं एक चांगलं नाटक बसवा. चांगलं झालं तर तुमच्या कायम होण्याचं मी स्वतः बोलेन.

घरी नवऱ्याला, ललितला, सांगितलं. तो नुकताच स्टेशनवरून ड्यूटी संपवून आला होता. म्हणाला, बोलेन म्हणालेत की बोलतो? मी म्हटलं, तू तिकीटखिडकीच्या आतून सगळ्या जगाकडे बघतोस.

नाटक कशावर करावं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

विषय सापडला. स्वयंपाकघरात रूपीमावशी भाकऱ्या थापत होती. ती इथेच शेजारच्या पाड्यातली, वसतिगृहाचा स्वयंपाक तिच्याकडे. मुली म्हणतात, मावशीला शंभर गोष्टी येतात. मी चुलीशी बसले आणि प्राण्यांच्या गोष्टी सांग म्हटलं. तिनं सांगितल्या. त्यात वाघ जोरकस पण भोळा. खेकडा धरलं ते सोडत नाही. ससा भित्रा, म्हणून अक्कलवान. मी म्हटलं, आणि कोल्हा?

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग तिनं ही गोष्ट सांगितली. एका पाणकोंबडीला सात पिल्लं होती. कोल्ह्यानं बिळात शाळा उघडली आणि तिला म्हणाला, पिल्लं माझ्याकडे ठेव, शहाणी करून देतो. ती रोज संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी येई. कोल्हा आतून एकेक पिल्लू वर धरून दाखवी, एक, दोन, तीन, असे सात. ती समाधानानं तळ्यावर परत जाई. पण कोल्हा रोज एक पिल्लू खात होता, आणि उरलेली पुन्हा पुन्हा वर धरत होता. शेवटी एकच उरलं. ते सात वेळा वर आलं.

मी विचारलं, आईला आपली पिल्लं ओळखू आली नाहीत?

रूपीमावशी म्हणाली, "बिळात वाकून कोण बघतं, बाई?"

शेवट काय, तर म्हणाली तो दोन तऱ्हेनं सांगतात, आणि भाकरी उलटायला उठली. शेवट मीच लिहीन. वाघ येऊन न्याय करतो, असं काहीतरी.

परतीच्या गाडीत डोकं नुसतं पळत होतं. खऱ्या माणसात इतक्या गोष्टी एकदम असतात की लिहायला गेलं की तो हातातून निसटतो. गोष्टीतल्या प्राण्याचा स्वभाव एकच, पण पक्का. तो एक स्वभाव माणसाच्या अंगात घातला की माणूस उभा राहतो. माझ्या नाटकात शेपट्या आणि मुखवटे नकोत. कोल्हा धोतर किंवा शर्टपँट घालून येईल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पात्रं ठरली. मुलींना सांगितलं, रांगायचं नाही, ओरडायचं नाही. स्वभाव प्राण्याचा घ्या. चालणं, बोलणं, हात हलवणं आपण बघितलेल्या माणसाचं घ्या. कुणाचं ते मला सांगू नका.

आठवीची कविता कोल्हा झाली. उंच, सडपातळ, वर्गाची मॉनिटर. तिनं काय केलं, तर खिशात हात घालून किल्ल्या वाजवल्या (किल्ल्या नव्हत्याच, तोंडानं आवाज काढला), चष्मा रुमालानं पुसला आणि अगदी हळू म्हणाली, "बाळांनो, आपण एक कुटुंब आहोत." मुली हसल्या, आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या.

मला हसू आवरेना. हुबेहूब एकनाथ सर. मी म्हटलं, कविता, निरीक्षण चांगलं आहे, पण थोडं सौम्य कर, सर रागावतील. ती म्हणाली, "सर रागावत नायत, बाई."

पाणकोंबडी सातवीतल्या हिरूनं घेतली. छातीशी पर्स धरून येते, बिळापाशी उभी राहून घड्याळ बघते, "छान, छान" म्हणते आणि तुरुतुरु निघून जाते. कुठल्या तरी बाजारातल्या बाईची नक्कल असावी. छान जमली आहे.

शेवटचं पिल्लू चिमी. चौथीतली, एवढीशी. सगळ्यांना चोची रंगवून दिल्या, ती मात्र चेहऱ्याला हात लावू देईना. डोळे झोंबतात म्हणाली. तिचे तळवे लाल होते, सुजल्यासारखे. आणखी दोघी-तिघींचेही. रूपीमावशी त्यांना ताकात हात बुडवून बसवते. पोस्टर कलरची अॅलर्जी असेल. उद्या दुसरे रंग नेते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एकनाथ सरांनी आजपासून एक जबाबदारी दिली. मुलींच्या वसतिगृहाला स्त्री अधीक्षिका नाही, जागा दीड वर्ष रिकामी आहे. म्हणून संध्याकाळच्या हजेरीवर महिला कर्मचारी म्हणून माझी सही लागेल. निघायच्या वेळी ते रजिस्टर आणतात. शेहेचाळीस नावं, शेहेचाळीस हजर, खाली सही. कायम होण्याच्या दृष्टीनं हे चांगलंच, असं ते म्हणाले.

मोजून सही करावी असं मनात आलं होतं. पण पाच दहाची गाडी चुकली की पुढची सहाला. आणि सरांसमोर मुली मोजायला उठणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं.

तालमीला आज सात पिल्लांपैकी चारच होती. बाकीच्या भातकापणीला घरी गेल्या म्हणे. भातं तर कधीच घरात आली. पण डोंगरातली उशिरा होत असतील.

४ डिसेंबर, गुरुवार

नवे रंग नेले. चिमीचे हात अजून तसेच.

७ डिसेंबर, रविवार

ललितला सुट्टी होती. संध्याकाळी चिखल्याच्या किनाऱ्यावर गेलो. स्कूटर सुरूच्या बनाकडे वळवताना एका वाडीच्या फाटकातून पिकअप बाहेर आली. मागे मिरचीच्या गोणी आणि गोणींवर बसलेल्या सात-आठ मुली. सगळ्यांनी ओढण्या नाकातोंडाला बांधलेल्या. एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी डोळ्यांवर ओढली.

मी ललितला म्हटलं, ती कविता होती. तो म्हणाला, "तुला आता प्रत्येक मुलगी तुझ्या शाळेतली दिसणार." मग म्हणाला, रविवारी मुली कामाला आल्या तर त्यांच्या घरच्यांनी पाठवल्या असतील, तू कशाला त्यात.

ते खरं आहे. पण तलासरीकडची मुलगी रविवारी चिखल्याला कशी येईल? किनाऱ्यावर माझं लक्ष लागलं नाही. ललितनं भेळ घेतली, ती त्यानंच खाल्ली.

८ डिसेंबर, सोमवार

कविताला विचारलं, काल कुठे होतीस? "अभ्यास करत होते, बाई." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी पुढे काहीतरी विचारणार आहे. घंटा झाली. मी विचारलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आज तपासणीला आदिवासी विकास प्रकल्पाचे साहेब आले होते. सकाळीच एकनाथ सर म्हणाले, तुमची तालीम सभागृहात सुरू ठेवा, साहेबांना उपक्रम दिसू दे. साहेब आले, बघितलं, मुली मोजल्या, खूश झाले. मग सर त्यांना चहाला घेऊन गेले आणि मला निरोप आला, की मुलींना मागच्या दारानं आठवीच्या वर्गात बसवा. मी बसवलं. साहेब तिथे आले. वसतिगृहाच्या सगळ्या मुलींची हजेरी घेतली.

मी दाराशी उभी होते. "हिरू लहान्या" या नावाला मागच्या बाकावरून हजर आलं. "चिमी सुकऱ्या" ला तिकडूनच, जरा बारीक आवाजात. मग आणखी एका नावाला. तिन्ही वेळा मान खाली घातलेली मुलगी एकच होती. कविता.

मला वाटलं माझं चुकतंय. वर्गात अंधार होता. साहेबांनी वर पाहिलं नाही, भरभर बरोबरच्या खुणा केल्या. त्यांना पुढच्या दोन शाळा करायच्या होत्या.

गेल्यावर एकनाथ सरांनी माझे आभार मानले. "मॅडम, तुमच्यामुळे आज अब्रू राहिली." मी काय केलं होतं ते मला कळेना. विचारावं असं वाटलं. त्याऐवजी मी "काही नाही सर" म्हटलं आणि सही केली.

घरी ललितला सांगितलं. त्यानं आधी ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, पटसंख्या टिकवायला सगळीकडे असं थोडंफार करतात, मुली घरी गेलेल्या असतील. मार्चपर्यंत डोळे मिटून काढ. ऑर्डर हातात आली की मग बघू.

डोळे मिटायला सांगणारा माणूस वाईट नाही. मला तेच ऐकायचं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एकनाथ सर आज तालमीला येऊन बसले. कवितानं सगळं केलं. किल्ल्या, चष्मा, बाळांनो. मी वहीत तोंड खुपसलं. सर मात्र हसत होते. शेवटी टाळ्या वाजवल्या.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाटक उत्तम आहे. फक्त कोल्ह्याऐवजी वाघ करा. वाघ शोभून दिसतो."

मी म्हटलं, सर, वाघ मोजून दाखवत नाही, सरळ खातो. गोष्टच उभी राहणार नाही.

ते म्हणाले, "मग मोजणं काढा." किल्ल्या वाजवल्या. "मॅडम, हे तुम्हाला कुणी सुचवलं, रूपीनं?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

१५ डिसेंबर, सोमवार

रूपीमावशीला कामावरून कमी केलं. स्वयंपाकाला एक अनोळखी बाई आहे. विचारलं तर सर म्हणाले, किराण्याबाबत तक्रारी होत्या.

मुली जेवताना एक शब्द बोलत नव्हत्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

चिमी नाही. घरी पूजा आहे म्हणून वडील घेऊन गेले, असं कळलं. रजिस्टरमध्ये मात्र ती हजर. मी बोट ठेवून दाखवलं. सर म्हणाले, सवयीनं झालं, उद्या दुरुस्त करू, तुम्ही सही करून ठेवा, गाडी जाईल तुमची.

केली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सगळं लिहून ठेवते. उद्या कुणी विचारलं तर मला आठवायला हवं.

सकाळी फाट्यावर उतरले तर रूपीमावशी उभी. दोन तास थांबली होती म्हणे. तिनं एवढंच सांगितलं, की चिमी मंगळवारपासून डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आहे, तुम्ही तिकडे जा. मी शाळेत न जाता परत फिरले.

चिमीला सलाईन लावलेलं. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. तिचा बाप सुकऱ्या कॉटखाली बसला होता. हातावर पोट असलेला माणूस, चारोटीला हमाली करतो. मला बघून उठून उभा राहिला, हात जोडले. म्हणाला, सरांनी सांगितलं, नाटकाच्या तालमीत पोरगी पडली, मग कुठलं तरी रानफळ खाल्लं. तुम्ही तिथेच होता ना, बाई?

मी काही बोलण्याआधी डॉक्टर आले. तरुण आहेत, दोन रात्री न झोपलेले असावेत. मी शिक्षिका म्हटल्यावर बाहेर घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, हे फळबिळ नाही. फवारणीचं औषध श्वासातून आणि कातडीतून गेलंय. मुलीच्या कपड्यांनासुद्धा वास होता. आणखी तासभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती. पोलिसांना कळवणं भाग आहे, कळवलंय. तुमच्या शाळेत फवारणी कुठे होते?

मिरची. तळवे. ताक. चिखल्याचं फाटक. मला सगळं एकदम कळलं असं म्हणणं खोटं होईल. ते मला केव्हाचं दिसत होतं.

जिन्यात एकनाथ सर भेटले. बरोबर एक टाइप केलेला कागद. सोळा तारखेला दुपारी तालीम सुरू असताना विद्यार्थिनी चिमी हिला माझ्यासमक्ष चक्कर आली, वगैरे. खाली माझं नाव.

ते नेहमीसारखंच हळू बोलले. "सोळा तारखेच्या हजेरीवर तुमची सही आहे, मॅडम. नोव्हेंबरपासून रोज आहे. मुली शाळेत नव्हत्या असं निघालं, तर सही करणारी बाई कोण, हे आधी विचारतील. हा कागद तुम्हाला वाचवण्यासाठी आहे."

मी उद्या देते म्हटलं. कागद पर्समध्ये घातला. पर्स छातीशी धरून रिक्षात बसले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शाळेत गेले. कविताला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं, दार उघडंच ठेवलं. म्हटलं, मी आज काही लिहून घेणार नाही, कुणाला नाव सांगणार नाही, पण मला सांग.

ती आधी उभीच होती. मग खाली बसली आणि सांगत गेली. वाडी सरांच्या मेहुण्याची. पिकअप सकाळी सहाला मागच्या फाटकाशी येते. रोज बारा-चौदा मुली, आळीपाळीनं. मिरची तोडायची, निवडायची, गोणी भरायच्या. घरी सांगितलं तर शाळेतून नाव कापू, असं सांगून ठेवलेलं. कविताला नेहमीच्या दिवशी नेत नाहीत, फक्त रविवारी. कारण तिला आवाज बदलता येतो. हजेरी तीच देते. सोळा तारखेला शेजारच्या ओळीत फवारणी सुरू होती तरी मुलींना थांबवलं नाही.

"चिमीच्या नावाला मीच हजर म्हटलं, बाई. तेव्हा ती तिकडे पडलेली."

ती रडली नाही. मीच रडले. तिनं मला पाणी आणून दिलं.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. म्हणाली, "सांगत तर होतो. रोज तालमीत सांगत होतो. तुम्हीच म्हणालात, बघितलेलं माणूस घ्या. मी सरांना घेतलं." मग जरा थांबून, खाली बघत, "हिरूनं तुम्हाला घेतलं."

पर्स, घड्याळ, छान छान.

मी किती हसले होते त्या पाणकोंबडीला. बाजारातली बाई म्हटलं होतं.

२० डिसेंबर, शनिवार

ललितशी सकाळपासून वाद. त्याचं म्हणणं, टाइप केलेल्या कागदावर सही करू नकोस, पण पोलिसांतही जाऊ नकोस. डॉक्टरांनी कळवलंय, तपास होईल तो होईल. आजारी पड. महिनाभर घरी बस. मी म्हटलं, आणि पिकअप सोमवारी सकाळी सहाला येईल त्याचं काय? तो म्हणाला, "तू स्वतःहून गेलीस तर पहिली आरोपी तूच. एवढं कळतंय ना?"

कळतंय. तीन वर्षं उन्हातान्हात जीपच्या मागे लोंबकळून काढली. आईला सांगून ठेवलंय की या वर्षी नक्की.

दुपारी तो न जेवता ड्यूटीला गेला. मी कागद टेबलावर ठेवून बसले. स्वतःशी खरं लिहायचं तर एकदा पेनही उचललं होतं. मग एक वेगळीच गोष्ट मनात आली. मी सही केली, तर चिमी जन्मभर असं समजेल की ती नाटकात पडली. तिला वास आठवत राहील, पिकअप आठवत राहील, आणि तिच्या बाईनं लिहून दिलेलं असेल की तसं काही नव्हतंच.

उद्याची वाट बघायची नाही असं ठरवलं. साडी बदलली आणि निघाले.

२१ डिसेंबर, रविवार

काल पोलीस ठाण्यात चार तास. महिला अंमलदारानं सगळं लिहून घेतलं. मी टाइप केलेला कागद दिला. फोनमध्ये माझ्याकडे हजेरीच्या तीन पानांचे फोटो निघाले, रजिस्टरचे रकाने बघून मुलींना कार्यानुभवाची वही आखायचा नमुना द्यायचा म्हणून काढले होते. त्यांनी विचारलं, या सह्या तुमच्याच? हो. मुली मोजून केल्या? नाही. का नाही? मी म्हटलं, गाडी चुकली असती. त्यांनी लिहिलं, "साक्षीदार समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत." खरं आहे ते.

बाहेर आले तर ललित मोटारस्टँडपाशी उभा. युनिफॉर्ममध्येच. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. स्कूटर सुरू केली. घरी आल्यावर स्वतः खिचडी टाकली.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी सहाला पोलीस आणि प्रकल्पाचे लोक मागच्या फाटकाशी होते. पिकअप आली. तेरा मुली बसलेल्या सापडल्या. रूपीमावशीनं फोनवर सांगितलं. एकनाथ सरांना नेलं. मेहुणा वाडीवर नव्हता.

२६ डिसेंबर, शुक्रवार

संस्थेचं पत्र. यापुढे आपल्या सेवेची आवश्यकता नाही. दोन ओळी. आणखी एक पत्र चौकशीचं, त्यात माझं नाव एकनाथ सरांच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर.

आईला अजून सांगितलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज स्नेहसंमेलन व्हायचं होतं. झालं नाही. नव्या अधीक्षिका बाई आल्या आहेत, तात्पुरत्या. अर्ध्या मुलींना आईबापांनी घरी नेलं. कविताच्या घरचे वीटभट्टीला निघाले होते; रूपीमावशी जाऊन त्यांच्या ओट्यावर दिवसभर बसली, तेव्हा तिला मागे ठेवलं. मावशीला परत कामावर घेतलंय. तिनं नव्या बाईंना सांगून टाकलंय, की पाड्यातली एक बाई रोज वसतिगृहात मुक्कामाला राहील, पाळीपाळीनं, कुणाची परवानगी असो वा नसो.

नाटकाची वही ललितनं कपाटात ठेवली. मी त्याला ती ठेवताना पाहिलं, काढायला सांगितली नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज सुकऱ्याच्या पाड्यावर गेले. चिमी दवाखान्यातून येऊन तीन आठवडे झाले. जाऊ की नको करत आज गेले. एकटीच.

चिमी अंगणात बसली होती. बारीक झाली आहे, बोटं अजून कापतात. मला बघून आत पळाली नाही, जवळही आली नाही.

सुकऱ्यानं खाट टाकली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. सोळा तारखेच्या हजेरीवर सही माझी होती. त्याआधीच्याही. मुली नाहीत हे मला दिसत होतं, मी विचारलं नाही. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हाही मी गप्प राहिले.

तो ऐकत होता. दोरीला गाठ मारत होता, ती मारून झाली तरी हातात धरून बसला. मग म्हणाला, "मी डिसेंबरात आलो होतो, बाई. पोरीला बघायला. सर म्हणाले, तालमीला गेली, उद्या ये. मला राग आला. तेव्हा त्यांनी ती वही दाखवली. मला वाचता येत नाय. मी विचारलं, ही सही कोणाची? ते म्हणाले, बाईंची. मग मी घरी गेलो."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

चुलीवरचं काहीतरी करपल्याचा वास आला, त्याची बायको आतून बाहेर आली, माझ्याकडे बघून परत गेली. चिमी बोटानं मातीत काहीतरी काढत होती आणि पुसत होती.

चिमीला शाळेत परत पाठवणार का, हे विचारायचं ठरवून गेले होते. पण त्याआधी त्यानंच विचारलं, नव्या बाई कशा आहेत. मी म्हटलं, मी एकदाच भेटले, खात्री देऊ शकत नाही. रूपीमावशी आहे. तो म्हणाला, सोमवारी मी स्वतः घेऊन जाईन, सुटेपर्यंत फाटकाशी बसेन. हमाली गेली तर गेली.

माझी काही गरज आहे का, असं मी विचारलं. त्यानं दोरी खुंटीला अडकवली.

मग मी चपला घातल्या. अंगणाच्या कडेला गेले तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "बसा, बाई. ऊन उतरू द्या."

जानेवारीतलं ऊन, कुणाला लागेल असं नव्हतं. मी परत फिरले आणि खाटेच्या कडेला बसले.